फोडात ओवलेला दोरा

वारीतले पुण्याचे दोन मुक्काम मला नीट आठवत नाहीत. दिवेघाटात पाऊस होता एवढं पक्कं आठवतं, कारण त्याच पावसात पडशीतलं पुस्तक भिजलं. सासवडला ते दिंडीच्या ट्रकच्या बॉनेटवर वाळत ठेवलं, तर विणेकरीबाबा म्हणाले, "माऊली, पोथी अशी उघड्यावर टाकू नये." पोथी नाही, कादंबरी आहे म्हणून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून दिंडीत माझं नावच 'कादंबरी' पडलं. "कादंबरी, ताट घ्या." "कादंबरी, जरा टाळ धरा, मी येतोच."

दिंडी अण्णांची, माझ्या वडिलांची. म्हणजे ते तिथं सतरा वर्षं चालले. रथामागच्या या दिंडीत चौथ्या रांगेत डाव्या बाजूला त्यांची जागा. ते गेल्यावर पहिल्या वर्षी ती जागा रिकामी ठेवली होती म्हणे. मी भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचे, पैसे भरायला गेलो तेव्हा हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थांनी पावती फाडता फाडता वर बघून विचारलं, "तुम्हीच का ते शिकलेले?" त्या प्रश्नामागं काय होतं ते मला कळलं. अण्णांनी कधीतरी सांगितलं असणार.

पुस्तक हरमान हेसेचं 'सिद्धार्थ'. जर्मनमधलं मूळ १९२२ सालचं. माझ्याकडची इंग्रजी प्रत पुण्यात फुटपाथवर घेतलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना. दीडशेच्या आसपास पानं. एका रात्रीत वाचून संपलं आणि पुढची वीस-बावीस वर्षं मी ते मनात घेऊन फिरलो, ते चुकीचं घेऊन फिरलो असं आता वाटतं. ब्राह्मणाचा मुलगा बापाचं घर सोडतो, रानातल्या श्रमणांत जातो, त्यांनाही सोडतो. प्रत्यक्ष बुद्धाला भेटतो आणि त्यालाही नम्रपणे सांगतो, की तुम्हाला जे उमगलं ते तुम्ही शिकवून दुसऱ्याला देऊ शकत नाही. एकविसाव्या वर्षी एवढं पुरेसं होतं. त्या ज्येष्ठात अण्णा वारीची पडशी भरत होते आणि मी दारात उभा राहून त्यांना ऐकवलं, की ज्ञान कुणी कुणाला देत नसतं, टाळ कुटत गर्दीमागून चालून तर नाहीच नाही. अण्णा गोपीचंदनाची वडी कागदात गुंडाळत होते. म्हणाले, "पहाटेची गाडी आहे. झोपू दे."

वाद घातला असता तर बरं झालं असतं.

एक सांगून टाकतो. आयुष्य बदलणारी म्हणून जी पातळ पुस्तकं स्टेशनवरच्या स्टॉलवर रचलेली असतात त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यातली वाक्यं लोक चहाच्या मगावर छापतात. माझंही तसंच झालं होतं, फक्त माझा मग डोक्यात होता. सिद्धार्थ नगरात जातो तेव्हा कमला नावाची गणिका त्याला विचारते, तुला येतं काय? तो म्हणतो, मला विचार करता येतो, वाट बघता येते, उपाशी राहता येतं. हे वाक्य मी नोकरीच्या मुलाखतींच्या आधी म्हणत असे. वारीत मला कळलं की यातलं मला एकही येत नाही. वाल्ह्याला टँकरच्या रांगेत पाऊण तास उभा होतो, माझा नंबर आला आणि मागून एक पोरगा तीन कळशा घेऊन मधे घुसला. मी त्याला जे बोललो ते कपाळावर बुक्का लावून बोलायचं नव्हतं. उपास म्हणाल तर भात उशिरा आला की माझं डोकं उठायचं. पुणे ते सासवड एक दिवसासाठी आलेले, कडक इस्त्रीचे कुडते घालून एकमेकांचे फोटो काढणारे लोक, रात्री दोनपर्यंत चालणारा कुठला तरी कर्णा, उघड्यावर जायची ती पहाट. रोज तीन वाजता उठताना मी ठरवत असे, आज बॅग उचलायची आणि एसटी धरायची. मग काकडा सुरू व्हायचा आणि मी मुकाट चूळ भरायचो.

नीरेला पादुकांचं स्नान. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व धावला. माझ्यापुढं एक फार उंच माणूस होता.

फलटण सोडलं त्या दिवशी पावसाचा पत्ता नव्हता. विडणीच्या विसाव्यापर्यंत ठीक होतं. त्यानंतर उजव्या टाचेखाली काहीतरी ओलं, गरम, पाऊल टाकलं की सरकणारं. चप्पल बदलली, मग काढली, तर डांबर तापलेलं. मग रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालू लागलो तर खडे. आमची दिंडी कधी पुढं गेली कळलंच नाही. पाठीमागच्या दिंड्या एकेक करून ओलांडून जात होत्या, प्रत्येकीचा अभंग वेगळा, आणि मी अर्धा चरण यांचा, अर्धा चरण त्यांचा ऐकत लंगडत होतो. एक जण जाता जाता पाया पडला. अशा वेळी उलट पाया पडायचं असतं. मी वाकलो आणि टाचेतून अशी कळ गेली की तोंडातून शिवीच निघाली. तो गडी हसला, "माऊली माऊली" म्हणाला आणि गेला.

पिंप्रदच्या पुढं एका कडुनिंबाखाली बसलो. तिथं आधीच एक आजी बसलेल्या. डोक्यावरचं तुळशीचं वृंदावन शेजारी उतरवून ठेवलेलं, त्यावर पदराचं टोक टाकलेलं, ऊन लागू नये म्हणून.

"कामून लंगडायलास?"

फोड आलाय म्हणालो.

"फोडलास का?"

"नाही."

"बरं केलास. आण हिकडं."

मी पाय पुढं केला नाही. तिसऱ्या दिवसाची माती, पायाला वास, आणि आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी वाट बघितली नाही. घोटा धरून पाय सरळ मांडीवर घेतला. बटव्यातून चिंधीत टोचून ठेवलेली सुई काढली, काडी पेटवून तिचं टोक तापवलं, पांढरा दोरा खोबरेल तेलाच्या बाटलीत बुडवला, हळदीच्या पुडीतून ओढला. दोरा पिवळा झाला. चष्मा नव्हता, तरी दुसऱ्याच प्रयत्नात सुईत ओवला. मग फोडाच्या एका बाजूनं सुई आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. दुखलं नाही. मला वाटत होतं तेवढं अजिबात नाही. दोन्हीकडं बोटभर दोरा राखून तोडला.

"ह्या दोऱ्यावाटं पानी निघून जातंय. कातडं काढू नगंस. कातडं काढलास की मेलास."

पाणी दोऱ्याच्या टोकाशी थेंब थेंब जमत होतं. आम्ही दोघंही ते बघत बसलो. बराच वेळ. त्यांची दिंडी मागं होती, ती येईपर्यंत त्यांना बसायचंच होतं. जिंतूरकडच्या. बाविसावी वारी. मुलगा पुण्यात, सून पुण्यात, दोन रात्री तिथं जेवून पुढं निघाल्या. हे सगळं त्यांनी विचारल्यावाचून सांगितलं. मग पडशीतून बाहेर आलेलं फुगलेलं पुस्तक बघून म्हणाल्या, "काय वाचायलास? हरिपाठ हाय का?"

गोष्ट आहे म्हटलं. सिद्धार्थाची. बुद्धाची का, तर नाही, त्याच नावाचा दुसरा, त्याच काळातला. लिहिणारा जर्मन. त्याची आई केरळात तलश्शेरीला जन्मलेली, आजोबांनी मल्याळम भाषेचा कोश केलेला, पण हा स्वतः १९११ साली लंकेपर्यंत आला आणि हिंदुस्थानात पाय न ठेवताच परतला.

"म्हंजे वाखरीपस्तोर येऊन माघारी गेला," आजी म्हणाल्या. पंढरपूरच्या आधीचा शेवटचा मुक्काम तो.

मग मी गोष्ट सांगू लागलो. उन्हात, इंग्रजीतलं मराठीत करत, अडखळत. बुद्धाला सोडून तो पुढं जातो इथं आलो तेव्हा त्यांनी थांबवलं.

"देव भेटला अन् सोडून आला? कामून?"

"त्याचं म्हणणं, तुम्हाला जे झालं ते शब्दांत सांगता येत नाही."

"मंग नगं सांगू म्हनावं. नुसतं संगं बसायचं."

मी थोडा वेळ गप्प झालो. कारण पुस्तक पुढं तिथंच जातं. नगरातलं सगळं भोगून, जुगार खेळून, स्वतःची किळस आल्यावर तो नदीवर येतो, जीव द्यायला निघतो, आणि शेवटी एका नावाड्याबरोबर झोपडीत राहतो. नावाडी काही शिकवत नाही. ऐकतो. नावाड्याचं नाव वासुदेव, हे ऐकल्यावर आजी इतक्या हसल्या की खोकला आला. "मोरपिसाची टोपी घालतो का?" नाही म्हटलं. "टाळ-चिपळ्या?" नाही. मग कसला वासुदेव, असं त्यांच्या चेहऱ्यावर.

एकविसाव्या वर्षी मी हा नावाड्याचा भाग भराभर उलटला होता. मला घर सोडणारा सिद्धार्थ हवा होता. त्याला पुढं मुलगा होतो, तो मुलगा बापाचा तिरस्कार करतो, पैसे आणि होडी घेऊन पळून जातो, हे मला आठवतही नव्हतं. या वेळी पुण्याच्या मुक्कामात ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं होतं. आजींना सांगताना मात्र थांबलो नाही. लेकरू पळालं, बाप मागं धावला, नगराच्या वेशीपर्यंत गेला, आणि तिथं धुळीत बसून राहिला.

आजींनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरून थेंब पुसला.

"अन् माय?"

"साप चावून गेली. मुलगा लहान असताना."

"ती नव्हं रे. ह्या सिद्धार्थाची माय. ह्यो घर सोडून आला, तिचं काय झालं?"

मला उत्तर आलं नाही. बाप त्याला म्हणतो, जा, आईला सांगून ये. त्यापुढं तिचं काय झालं ते पुस्तकात नाही. दोन तपं वाचतोय, भाषणांत दाखले देतोय, आणि हा प्रश्न मला एकदाही पडलेला नव्हता.

तेवढ्यात त्यांची दिंडी आली. आजी उठल्या, वृंदावन डोक्यावर घेतलं, मग आठवल्यासारखं एका हातानं ते सावरत वाकून माझ्या त्याच पायाला हात लावला. मी दचकून पाय ओढून घेतला.

"ओढू नगंस, दोरा निघंल ना," म्हणाल्या आणि गेल्या. नाव विचारायचं राहिलं. बायकांच्या रांगेत हिरवं लुगडं दिसत होतं, मग तशी चार-पाच दिसू लागली.

बरडला रात्री राहुटीत मोबाईलच्या उजेडात ते पान पुन्हा काढलं. मुलाला शोधायला सिद्धार्थ नदी ओलांडतो, पाण्यात वाकून बघतो तर स्वतःचा चेहरा बापासारखा दिसतो. सुरुवातीच्या प्रकरणात हाच मुलगा परवानगी मिळेपर्यंत रात्रभर हाताची घडी घालून उभा असतो, आणि बाप तासातासाला उठून खिडकीतून बघतो, तो अजून उभाच. तरुणपणी मी त्या मुलाबरोबर रात्रभर उभा होतो. खिडकीतल्या माणसाला झोप लागत नव्हती, हे तिथं सरळ छापलेलं आहे. पानं दिवेघाटाच्या पावसानं चिकटली होती, ती सोडवताना एक कोपरा फाटला. शेजारचे म्हणाले, "कादंबरी, दिवा मालवा."

नातेपुत्याला समाजआरतीच्या वेळी आमच्याच दिंडीचं भांडण निघालं. टँकर दोन दिवस चुकत होता. चोपदारांनी चोप उंच केला, एवढा मोठा समाज क्षणात गप्प, आणि आम्ही तेवढे टाळ वाजवत राहिलो. तक्रार असली की तसंच करायचं असतं. मी पण वाजवत होतो, जोरात. वाल्ह्याच्या पोरापासूनचा सगळा राग त्यात होता. चोपदार आले, ऐकून घेतलं, पुढाऱ्यांशी बोलले. आमचे टाळ थांबले. एवढ्या माणसांची शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. अण्णा दर वर्षी घरी येऊन हे सांगायचे. मी पेपर वाचत हुंकार द्यायचो.

खुडूस, ठाकूरबुवा, बाजीराव विहीर इथली रिंगणं. अश्व धावला, धूळ कपाळाला लावली. मधे भंडीशेगावहून आईला फोन केला. ती आधी पावसाचं बोलली, मग भावाच्या पोराचं.

"पाय कसेत?"

"एक फोड होता. दोरा घातला."

"कुणी घातला?"

सांगितलं. ती थोडं थांबली. "ह्यांना कुठं ओवता यायचा. कुणीतरी घालून द्यायचं. घरी आले की काढायचं काम माझं."

हे मला माहीत नव्हतं. आषाढातल्या त्या रात्री मी अभ्यासाच्या खोलीत असायचो, दार लावून.

पंढरपुरात रांग फार लांब होती. नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाला हात जोडले, चंद्रभागेत पाय धुतले. पाण्याकडं बघत नावाड्यासारखं ऐकायचा प्रयत्न केला, पण शेजारी एकजण प्लास्टिकचा ड्रम घासत होता. पौर्णिमेपर्यंत थांबलो नाही. दिंडीतले म्हणाले, काला चुकवू नये. मी द्वादशी सोडली आणि एसटी धरली.

वाखरीला डाव्या पायालाही फोड आला होता. त्यात दोरा मी स्वतः ओवला, चार वेळा टोचून, वाकडा. घरी पोचलो तेव्हा आई पडवीत बसली होती. पडशी उतरवू दिली नाही, आधी पाय म्हणाली. गरम पाण्याचं पातेलं, जुनं धुतलेलं फडकं, सगळं आधीच काढून ठेवलेलं.

"असा ओवतात होय?"

मी तिला विचारलं, त्या वर्षी मी दारात उभा राहून बोललो होतो, तेव्हा अण्णा नंतर काही म्हणाले का.

आईनं चष्मा कपाळावर ढकलला आणि दोऱ्याचं टोक नखात धरलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.