जुनाच लॅपटॉप, नवी ऑपरेटिंग सिस्टिम

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोरापोरींसाठी अभ्यासिका चालवतो. तिथल्या लॅपटॉपवर विंडोज १० होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं तिचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती या मशीनमध्ये नाही. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या भाऊ." मला पटलं नाही. कीबोर्ड, स्क्रीन धड, रॅम चार जीबी. एवढ्यावर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आरामात चालते.

तिची फाइल तीन जीबीच्या आसपास. मोबाइलचा रोजचा डेटा त्यात पुरत नाही, म्हणून पुतण्याकडून यवतमाळहून आणवली. पेन ड्राइव्हवर ती नुसती कॉपी करून भागत नाही, एचर नावाच्या प्रोग्रॅमनं चढवावी लागते. त्याआधी पोरांच्या सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतल्या. हे आधीच करा, नंतरवर टाकू नका.

मशीन सुरू होताना एफ-१२ दाबलं (काही कंपन्यांत एफ-९ किंवा एस्केप) आणि पेन ड्राइव्ह निवडला. थोड्या वेळानं वेगळाच डेस्कटॉप समोर. अभ्यासिकेतली साक्षी म्हणाली, "दादा, विंडोज कुठं गेली?"

गेली नव्हती, हार्ड डिस्कवर जशीच्या तशी होती. फक्त या वेळी तिच्याऐवजी पेन ड्राइव्हवरची मिंट सुरू झाली होती. यंत्र तेच, पण कारभार दुसऱ्याच्या हाती. ऑपरेटिंग सिस्टिम काय असते, हे पोरांना तिथं डोळ्यांनी दिसलं. मग त्यांना सिस्टिम मॉनिटर उघडून दाखवला. ब्राउझर, पीडीएफ, गाणं असं सगळं एकदम चाललेलं वाटतं, पण प्रोसेसर सेकंदात कितीतरी वेळा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कॅनॉलच्या पाण्याच्या पाळ्या लावतात, तशा या पाळ्या ऑपरेटिंग सिस्टिम लावते. कोणाला किती रॅम द्यायची, फाइल डिस्कवर कुठं ठेवायची, दाबलेलं बटण कोणत्या खिडकीत पोचवायचं, हेही तीच बघते.

वायफाय मात्र दिसेना. त्या चिपशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे तिच्यापुरता छोटा प्रोग्रॅम, सिस्टिममध्ये नव्हता. फोन केबलनं जोडला, यूएसबी टेदरिंग सुरू करून फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून तो उतरवून घेतला. हे आधीच तपासता आलं, याचं समाधान वाटलं.

त्यानंतरच इन्स्टॉल दाबलं. अख्खी डिस्क पुसणारा पर्याय निवडला की जुनं काहीच उरत नाही, तेव्हा तिथं दोनदा वाचा. दुसऱ्यांदा ड्रायव्हर टाकला, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडला, पोरांसाठी वेगळं खातं काढलं. त्या खात्यातून सिस्टिमच्या फायली बदलता येत नाहीत.

"हे लिनक्स आपल्याले जमते का?" एका काकांनी विचारलं. त्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, चालतो, असं सांगितलं. लिनस टोरवाल्ड्सनं फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं होतं. काका फोन उलटापालटा करून पाहत राहिले.

आता परीक्षेचे फॉर्म, सातबारा, पीडीएफ सगळं त्यावर होतं. ज्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यांनी मात्र घाई करू नये. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून आपलं रोजचं काम होतं का ते पाहावं.