सव्वा इंच

मावशी मालिशच्या प्रात्यक्षिकात आधी दोनदा नापास झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा मीच त्यांना नापास केलं होतं. कारण एकच, अंगठा. दाब देताना त्यांचा अंगठा सांध्यातून मागे वाकतो, कमानीसारखा. अशा अंगठ्याने रोज चार-पाच माणसं केली (आमच्याकडे माणसं 'करतात'), की काही वर्षांत तो सांधा बोलायला लागतो. माझा बोलतो, म्हणून सांगते. दाब अंगठ्यातून द्यायचा नसतो, अंगाचं वजन पुढे झुकवून द्यायचा असतो, शक्य तिथे कोपराखालचा हात वापरायचा असतो. मावशी मान डोलवायच्या आणि पुन्हा अंगठाच रोवायच्या. त्यांनी तीस वर्षं शिवणकाम केलेलं. कापड अंगठ्याने दाबून धरायची सवय इतक्या लवकर कशी जाणार?

मी स्वतः या कामात आले तीही उशिराच, एकेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी १९ वर्षं ऑडिट. दुसऱ्यांच्या आकड्यांवर वाकून मानेचं पार लाकूड झालं होतं. त्या मानेवर एका बाईंनी तासभर हात फिरवला आणि मी टेबलावरून उठले ती 'हे कुठे शिकवतात?' असं विचारतच. घरच्यांना वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. पुढे वर्षभराचा कोर्स, मग सहा वर्षं नुसतं काम, मग दोन खोल्या आणि चार टेबलांची ही शाळा.

शाळा चालवायला लागल्यावर पहिला धक्का बसतो तो आपल्याच पाठांतराचा. स्वीडिश मसाजचा जनक म्हणून पेर हेन्रिक लिंग यांचं नाव मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली हे खरं, पण हात फिरवणं, मळणं, थापट्या मारणं या प्रकारांची जी फ्रेंच नावं आम्ही घोकून घेतो, ती रूढ करण्याचं श्रेय योहान मेझगर या डच डॉक्टरांना दिलं जातं. दुसरं म्हणजे लॅक्टिक आम्ल. 'मालिशने स्नायूंतलं लॅक्टिक आम्ल निघून जातं' हे वाक्य मी किती बॅचना छातीठोकपणे सांगितलं, मोजदाद नाही. ते व्यायामानंतर तासाभरात आपलं आपण ओसरतं. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याशी त्याचा संबंध नाही. जुन्या विद्यार्थिनींना फोन करून ते परत घ्यावं असं अजून अधूनमधून मनात येतं.

तर त्या दिवशीची परीक्षा. चार टेबलं, चार विद्यार्थिनी, चार मॉडेल. सकाळी एका मॉडेलने ऐनवेळी नाही म्हटलं आणि मी माझ्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. दोनच दिवसांपूर्वी ती म्हणाली होती, पायाचं प्लास्टर निघालं पण पोटरीत सारखा गोळा आल्यासारखं वाटतं, पाय जड झालाय. मी म्हटलं, "प्लास्टरनंतर आखडतेच गं. आज ये, आमच्या मुली मोकळी करून देतील." ती खुशीत आली.

फॉर्म मीच भरला. एरवी 'अलीकडे फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया, अंथरुणावर पडून राहणं' ही ओळ विद्यार्थिनीने मोठ्याने वाचून विचारायची, असा माझाच नियम. त्या दिवशी ओळखीची बाई, त्यात उशीर झालेला, म्हणून मी वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि सही ठोकली. कुणा कारकुनाने अशी रेघ मारली असती, तर मी लाल शाईने शेरा लिहिला असता.

मावशींनी सुरुवात बरी केली. टेबलाशी उभं राहून हात खाली सोडला, बोटांची पेरं टेबलाला टेकताहेत ना ते पाहिलं. टॉवेल व्यवस्थित. तेल आधी स्वतःच्या तळहातावर. पाठ झाली, डावा पाय झाला. मी दुसऱ्या टेबलाकडे वळले होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, मी हा पाय करणार नाही."

मला वाटलं, घाबरल्या. तिसरी खेप, हात गळाले असणार. हळू आवाजात म्हटलं, "मावशी, वीस मिनिटं उरलीत. पाय हलक्या हाताने सुरू करा, जमेल."

"जमायचा प्रश्न नाही. दोन्ही पाय एका मापाचे नाहीत."

"कुणाचेच नसतात."

"नसतात ना. पण प्लास्टर याच पायाला होतं, ताई म्हणाल्या मघाशी. प्लास्टर निघालेल्या माणसाची पँट मी किती वेळा आत घेऊन दिलीय. तो पाय बारीक होतो, मॅडम. हा जाड कसा?"

मी टॉवेल बाजूला केला. उजवी पोटरी डावीपेक्षा भरलेली दिसत होती, आणि कातडीवर अशी चकाकी, जशी फार ताणलेल्या कापडावर येते. हाताची उलटी बाजू जवळ नेली; ऊब लागली. मावशींनी तोवर पर्समधून पिवळी टेप काढली होती. शिवणकाम सोडून दोन वर्षं झाली तरी ती पर्समध्येच असते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून चार इंच खाली, दोन्ही पायांना त्याच जागी, टेप न आवळता, एक बोट आत ठेवून मग अलगद काढून घेत. डावी साडेतेरा. उजवी पावणेपंधरा.

सव्वा इंच म्हणजे ३ सेंटिमीटरच्या वर. खोल शिरेत रक्ताची गुठळी असल्याचा संशय किती, हे ठरवायला डॉक्टर मुद्द्यांची जी यादी वापरतात, तिच्यात दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरहून जास्त फरक हा एक मुद्दा असतो. नुकतंच प्लास्टर असणं हा दुसरा. दोन्ही मी दर बॅचला फळ्यावर लिहिते. अर्ध्या तासापूर्वी त्याच फळ्यासमोर बसून मी तिरकी रेघ मारली होती.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतलं रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. प्लास्टरमध्ये हा पंप बंद पडतो, रक्त साचतं, गुठळी होऊ शकते. आणि आम्ही मालिश शिकवतो तीही हृदयाच्याच दिशेने, लांब, सलग हाताने. ती गुठळी सुटली तर हृदयातून थेट फुप्फुसात.

मैत्रीण पालथीच पडून विचारत होती, "काय झालं? पाय चांगला नाही का माझा?" तिला घाबरवायचं नव्हतं आणि गोड बोलून झाकायचंही नव्हतं. जुन्या पुस्तकांतली, पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहायची चाचणी हाताशी होती. तिचा भरवसा नाही म्हणून केली नाही. म्हटलं, "पाय सुजलाय, तो आज डॉक्टरांनाच दाखवायचा. आत्ता, मी सोबत येते." बाकीच्या तिघींना परीक्षा पुरी करा म्हणून सांगितलं आणि निघाले.

तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी पाय पाहिला, मी कोण हे विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान वर केली.

"मालिश केलंत का या पायाला?"

"नाही. हात लावला नाही."

मी उत्तर दिलं खरं, पण ते माझं नव्हतं. माझ्या हिशेबाने तो पाय त्या वेळी व्यवस्थित मळून झालेला असायला हवा होता.

सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी दिसली. रक्त पातळ करायच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या, त्या तीन महिने चालल्या. ती आता बरी आहे. फोनवर 'तुझ्या मुली पाय मोकळा करणार होत्या ना?' असं म्हणून हसते. मला अजून त्यावर हसता येत नाही.

संध्याकाळी परत आले तर मावशी टेबल पुसून, टॉवेलांच्या घड्या घालून बसल्या होत्या. गुणपत्रिका समोर घेतली. उजव्या पायाला २० गुण, रकाना कोरा. ऑडिटमध्ये 'लागू नाही' म्हणायची सोय असते, इथे ती मी ठेवलीच नव्हती. मी म्हटलं, "मावशी, वीसपैकी वीस देते."

"नको," त्या म्हणाल्या. "न शिवलेल्या कपड्याची शिलाई मी कधी घेतली नाही. दुसरं माणूस द्या, पाय करून दाखवते."

पुढच्या आठवड्यात दुसरं माणूस दिलं. फॉर्म मावशींनी मोठ्याने वाचला, प्रत्येक ओळ, माझ्याकडे न बघता. पाय छान केला, पास झाल्या. अंगठ्याचे पाच गुण मात्र मी तेव्हाही कापले.