चेंडूवरून नजर हटवायची नाही

बास्केटबॉलच्या सामन्यात नोंदी ठेवायला टेबलाला बसलेल्या माणसाने टाळी वाजवायची नसते. ‘वा’ म्हणायचं नाही, ‘अरेरे’ म्हणायचं नाही, टेबलाखाली हळूच मूठही आवळायची नाही. प्रेक्षकांचं आपल्याकडे लक्ष नसतं, पण दोन्ही संघांच्या बाकांचं असतं. टेबल एका बाजूला झुकलंय असा नुसता संशय आला, तरी पुढची प्रत्येक नोंद वादात सापडते. 29 जुलै 2017 ला बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये मी आकडेवारीच्या ड्यूटीवर होते. सामना भारत विरुद्ध कझाकस्तान, महिला आशिया कपच्या ‘ब’ विभागाची फायनल. हा नियम पाळणं किती कठीण आहे ते त्या दिवशी कळलं.

कॉलेजात मी पॉइंट गार्ड होते, म्हणजे चेंडू पुढे नेऊन हल्ला रचणारी. पुण्यातलं सिमेंटचं कोर्ट, दुपारी तापलेलं, गुळगुळीत झालेला बॉल, आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या निवड चाचण्या, हे सगळं केलं. नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि खेळणं सुटलं. गुडघ्याचंही निमित्त होतं. पण मैदानाजवळ राहायचं होतं म्हणून आकडेवारीचं काम शिकले. शनिवार-रविवारच्या स्थानिक स्पर्धांपासून सुरुवात झाली, ती इथवर आली.

काम दोघांचं असतं: एक कॉलर, एक इनपुटर. कॉलरने डोळे चेंडूवर ठेवायचे आणि तोंड चालू ठेवायचं. ‘व्हाइट 8, टू पॉइंट, मिस. डिफेन्सिव्ह रिबाउंड, ब्लू 12. टर्नओव्हर, बॅड पास. स्टील, व्हाइट 5.’ (रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेला चेंडू, टर्नओव्हर म्हणजे चेंडू गमावणं, स्टील म्हणजे तो हिसकावणं.) शेजारचा इनपुटर हे सगळं लॅपटॉपवर लाइव्हस्टॅट्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत जातो आणि काही सेकंदांत जगात कुणालाही ते दिसायला लागतं. कॉलरला खाली बघायची मुभा नाही. वही नाही, पेन नाही. एकदा नजर हटली की रिबाउंड कुणाच्या हाताला लागून कुणाकडे गेला ते सुटलंच म्हणून समजा.

माझे इनपुटर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम. नोकरीची बरीच वर्षं बेळगावात गेल्यामुळे त्यांना मराठी नीट समजायचं आणि लहर लागली की बोलायचेही. कीबोर्डवर बोटं अशी चालायची, की माझं वाक्य संपायच्या आत नोंद पडलेली असायची. असिस्टच्या बाबतीत मात्र माणूस महाकंजूष.

असिस्ट हे आमच्या कामातलं कायमचं भांडण आहे. बास्केट झाला की झाला, त्यात मत नसतं. पण त्याआधीचा पास ‘बास्केट करून देणारा’ होता का, हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते आम्ही ठरवतो. फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम आहेत. रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात उभ्या असलेल्या खेळाडूला पास मिळाला आणि तिने तिथूनच बास्केट केला, तर असिस्ट द्यायचा. बाहेर पास मिळाला, मग तिने ड्रिबल करून समोरच्या डिफेंडरला चकवलं आणि बास्केट केला, तर ती तिची स्वतःची कमाई, असिस्ट नाही. कागदावर हे सोपं वाटतं. मैदानावर सगळं एका सेकंदात होऊन गेलेलं असतं आणि पास देणारी तोवर उलट दिशेने पळत असते. मी स्वतः पॉइंट गार्ड असल्याने माझा कल देण्याकडे. सरांचा न देण्याकडे.

त्या आठवड्यात ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही विभागांचे सामने बंगळुरूतच होते. ‘अ’ विभागात जपान, चीन, कोरिया अशी दादा मंडळी, आणि त्या वर्षी प्रथमच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही आशियाच्या स्पर्धेत उतरले होते. पहिले चार संघ 2018 च्या विश्वचषकाला, स्पेनमध्ये तेनेरीफला जाणार होते. ‘ब’ विभागाच्या विजेत्याला मिळणार होतं ‘अ’ विभागात बढतीचं तिकीट. म्हणजे आपली फायनल कशासाठी होती, तर पुढच्या वेळी या दादा मंडळींकडून मार खायचा हक्क मिळवण्यासाठी. हे मी कुचकटपणे म्हणत नाही. खेळात वर चढायचा दुसरा रस्ताच नसतो.

जपानच्या एका साखळी सामन्यात मला कॉलरचं काम नव्हतं. मी होते स्पॉटर. बदली खेळाडू कोण आत गेली, कोण बाहेर आली, मैदानावर या घटकेला कोणत्या पाच जणी आहेत हे तपासत राहायचं, एवढंच काम. त्यामुळे प्रथमच असं झालं, की मी इतकी वरच्या दर्जाची मॅच टेबलाला बसून बघत होते आणि चेंडूकडे बघण्याची सक्ती नव्हती.

मी बघत होते ते जपानच्या एका फॉरवर्डला. एका हल्ल्यात, 24 सेकंदांच्या आत, तिने तीन स्क्रीन लावल्या, म्हणजे मैत्रिणीला मोकळं करायला डिफेंडरची वाट अडवली. पहिली कोपऱ्यात, मैत्रिणीच्या डिफेंडरच्या वाटेत नुसती उभी राहून. ती सुटतेय असं दिसल्यावर लगेच वळून दुसरी, चेंडूजवळ. मग रिंगकडे झेपावली, दोन डिफेंडर तिच्यामागे ओढले गेले, तिला पास आला नाही, तरी तोंडाने काहीतरी ओरडत पुन्हा बाहेर येऊन तिसरी. तीन पॉइंटांच्या रेषेबाहेर कुणीतरी पूर्ण मोकळी राहिली, तिने टाकला, गेला. कॉलर म्हणाला, ‘थ्री पॉइंट, गुड, असिस्ट,’ आणि दोन नंबर सांगितले. त्या दोन्हींत हिचा नंबर नव्हता. आकडेवारीच्या पत्रकात त्या हल्ल्यापुरती ती मैदानावर नव्हतीच म्हणा ना.

आणि बोलणं! पाचही जणी सतत बोलत होत्या. डिफेन्समध्ये तर अखंड. स्क्रीन कुठून येतेय, मदतीला कोण आहे, कुणी कुणाला धरायचं. भाषा मला कळत नव्हती, पण कोण कुणाला काय सांगतंय ते दोन मिनिटांत कळायला लागलं. आमच्या कॉलेजच्या टीममध्ये डिफेन्सला बोलणारी एकच होती, आणि ती रेफरीशी बोलायची.

तिथे बसल्या बसल्या कॉलेजातली संध्याकाळ आठवली. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ होते आणि बास्केटबॉल त्यांच्याकडे घरोघरी माहितीचा खेळ. इराणच्या पुरुष संघाने 2007 आणि 2009 ला लागोपाठ आशियाचं विजेतेपद मिळवलं होतं. ही मुलं-मुली संध्याकाळी आमच्या कोर्टवर यायची, आणि आमची आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे तीच. मिश्र संघ करून अर्ध्या कोर्टवर खेळायचो आणि हरायचो. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याहून बुटकी होती. मी ड्रिबल करत चेंडूकडे बघत असायचे आणि ती माझ्या पाठीमागून केव्हा रिंगखाली पोचायची पत्ताच लागायचा नाही. आमचे कोच म्हणायचे, ‘अगं, त्यांची हाइटच तशी असते.’ आम्हालाही ते पटायचं, कारण हाइटवर इलाज नसतो आणि ज्यावर इलाज नसतो ते कारण फार सोयीचं असतं.

फायनलला मी पुन्हा कॉलर होते. भारताच्या संघात जिना, 2000 पासून देशासाठी खेळत आलेल्या अनिता पॉलदुराई, आणि आमच्या पुण्याची शिरीन लिमये. कोच सर्बियाचे झोरान विसिच. गर्दी चांगली होती. महिला बास्केटबॉलला बंगळुरूत इतके लोक येतील असं मला वाटलं नव्हतं.

त्या सामन्याबद्दल लोक मला विचारतात, शेवटची दोन मिनिटं कशी होती? मला नीट सांगता येत नाही, आणि त्याचं कारण भावना वगैरे नाही. कॉलरच्या डोक्यात सामना साठतच नाही. नंबर येतो, क्रिया येते, तोंडातून बाहेर पडते आणि जागा रिकामी होते. कुणी कुठून टाकला, कुणाचा चुकला, ते सगळं प्ले-बाय-प्लेमध्ये ओळीने आहे. माझ्याकडे उरलाय तो घसा.

चौथ्या क्वार्टरमध्ये आवाज इतका वाढला, की सरांना माझं बोलणं ऐकू येईना. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो होतो, तरी नाही. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायला लागले, नजर मात्र समोर. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर नंबर ठोकायला लागले: दहासाठी मूठ, एकेकासाठी बोट. असं काही आमचं ठरलेलं नव्हतं. पण सरांनी एकदाही ‘काय?’ म्हणून विचारलं नाही. बास्केट भारताचा असो की कझाकस्तानचा, माझा आवाज एकाच पट्टीत राहिला पाहिजे होता. बरोबरीला आलेल्या सामन्यात आपल्या संघाचा फ्री थ्रो हुकल्यावर ‘मिस’ हा शब्द कुठलाही रंग न चढवता उच्चारून बघा.

बझर वाजला तेव्हा फलकावर 75–73. भारत जिंकला होता. मैदानावर मुली एकमेकींवर पडल्या होत्या, मागे स्टँडमध्ये दणदणाट, आणि आम्ही दोघं मान खाली घालून बेरजा जुळवत होतो. संघाचे गुण आणि खेळाडूंच्या गुणांची बेरीज जुळते का? फाउल स्कोअररच्या पत्रकाशी जुळतात का? आधी ते, मग बाकीचं. पत्रक छापून दोन्ही संघांना, पत्रकारांना पोचलं, लॅपटॉप मिटला, तेव्हा कुठे सर म्हणाले, ‘आता ओरडा हवं तर.’ ओरडायला आवाजच नव्हता.

बाहेर येऊन कॉफी घेताना मी ते पत्रक पुन्हा वाचलं. ओळखीच्या रकान्यांत सगळं नीट मांडलेलं. शेवटी एफिशियन्सी: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक मिळवायचे, हुकलेले शॉट आणि टर्नओव्हर वजा करायचे, की आला आकडा. लोक हाच आकडा बघून खेळाडूला भारी किंवा सुमार ठरवतात. मला दिसत होतं की या आकड्यात स्क्रीन नाही, बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून धरणं) नाही, डिफेन्समधलं बोलणं नाही. मागचे काही दिवस मी जगाला पुरवत होते तो सामन्याचा फक्त चेंडूजवळचा भाग. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मॅडम, बँकेच्या पासबुकात तरी माणसाचं सगळं कुठे असतं?’ आणि दुसरी कॉफी मागवली.

त्याच दिवशी ‘अ’ विभागाची फायनलही झाली. जपानने ऑस्ट्रेलियाला 74–73 असं एका गुणाने हरवून लागोपाठ तिसऱ्यांदा विजेतेपद घेतलं. तो सामना मी नंतर रेकॉर्डिंगवर पाहिला, आवाज बंद करून, आणि मुद्दाम चेंडूपासून दूरच्या बाजूला बघत. ऑस्ट्रेलियाच्या मुली उंचीला आणि ताकदीला वरचढ होत्या. जपानच्या मुली चेंडू हातात नसताना जास्त पळत होत्या. तरी एकाच गुणाचा फरक, तेव्हा यावरून फार मोठा सिद्धांत मांडायची माझी तयारी नाही. पण आमच्या कोचचा हाइटवाला सिद्धांत त्या दिवशी बाद झाला.

भारताला बढती मिळाली आणि 2019 मध्ये, पुन्हा बंगळुरूतच, आपला संघ ‘अ’ विभागात खेळला. एकही सामना जिंकता आला नाही. जपानने तेव्हाही विजेतेपद राखलं, फायनलमध्ये चीनला हरवून. आपल्याकडे लगेच उंच मुली शोधण्याच्या गप्पा सुरू झाल्या. शोधाव्यात, ना नाही. पण दहावीतल्या मुलीला चेंडू नसताना कुठे पळायचं ते शिकवायला कुठलाही खर्च येत नाही, आणि ते कितीशा शाळांमध्ये शिकवलं जातं, हे ज्याने त्याने जवळच्या कोर्टवर जाऊन बघावं.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला जपानच्या महिला थेट फायनलला पोचल्या. अमेरिकेकडून 90–75 असा पराभव झाला, रौप्य मिळालं. त्याआधीच्या उपांत्य सामन्यात, फ्रान्सविरुद्ध, त्यांची पॉइंट गार्ड रुई मचिदा हिने 18 असिस्ट दिले. ऑलिंपिकमधल्या एका सामन्यातला तो विक्रम. मचिदाची उंची 162 सेंटीमीटर, म्हणजे आमच्या कॉलेजच्या टीममध्येही ती बुटक्यांत मोजली गेली असती.

त्या रात्री मी सरांना ते पत्रक पाठवलं, सोबत ‘बघा!’ एवढंच लिहून. बराच वेळ उत्तर नाही. सामना पुन्हा लावून बसले असणार हे मी ओळखलं. सकाळी मेसेज आला, चक्क मराठीत: ‘पाहिला. पोरगी जबरदस्त. पण मॅडम, 18 मधले दोन मी दिले नसते.’