चिखलातली राणीछाप

काल ऑफिसातल्या मित्राबरोबर इंग्लंडात, नॉरफोकच्या एका नांगरलेल्या शेतात सहा तास मेटल डिटेक्टर फिरवला. मालकाची परवानगी आधीच काढलेली, इथे त्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कमाई म्हणाल तर काडतुसांची 11 पितळी बुडं, शिशाची एक गोळी, आणि कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या... त्या मोजल्याच नाहीत. प्रत्येक 'टूं'ला मी गुडघ्यांवर! मित्र नुसत्या आवाजावरून "कडी आहे, सोड" म्हणायचा आणि दर वेळी कडीच निघायची. वैताग नुसता.

तीनच्या सुमारास वीतभर खाली हिरवट चकती लागली. अंगठ्याने माती सारली (घासू नकोस, ओरडला तो), तर व्हिक्टोरिया. 1862 ची पेनी! आजीच्या डब्यात राणीछाप रुपया होता, तीच बाई. फक्त इथे मुकुटाऐवजी केसांचा अंबाडा. मी चिखलात उकिडवा बसून चक्क मराठीत ओरडलो.

खजिना सापडला तर 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याला, कळवायचं, असा इथे 1996 चा कायदा आहे. सुट्या पेनीला कोण विचारतंय? खड्डे बुजवून निघताना मालकाला दाखवली. म्हणाला, "ठेव तुलाच. असल्या बरणीभर पडल्यात घरी."