समासाबाहेरचं अक्षर

"डॉक्टर, माझी बुद्धी गेली." खुर्चीत टेकता टेकता तिचं पहिलं वाक्य. वय 23, गणितात संशोधन, शाळेपासून पहिला नंबर. आता एकच पान चार-चारदा वाचायची आणि डोक्यात काही शिरायचं नाही. पहाटे साडेतीनला जाग, मग छताकडे बघत पडून राहणं. "आळशी नाहीये हो ती," आई दोनदा म्हणाल्या. मी तसं म्हटलंच नव्हतं; घरात कुणीतरी म्हटलं असावं.

नैराश्य मोजायची आमची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, 27 गुणांची. तिला 22 आले. "चला, इथे तरी मार्क पडले." नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर बराच वेळ थांबलो. विचार येत होते, पण पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.

मग नेहमीचा प्रश्न: कधी अतिउत्साहाचे दिवस आले होते का? "नाही." मी नैराश्याची गोळी लिहायला घेतली.

तेवढ्यात आईंनी पिशवीतून तिची वही काढली. "बघा ना, किती काम करायची." सुरुवातीची पानं सुबक, बारीक अक्षरांची. मग मध्येच अक्षर मोठं, तिरकं, समास ओलांडून गेलेलं. कोपऱ्यांत वेळा टाकलेल्या: 2.10, 3.40, 5.05.

"हे कधीचं?"

"मागच्या मार्चचं. सहा दिवस जेमतेम दोन तास झोपत होते, तरी थकवा नाही. तेव्हा मी बरी होते, डॉक्टर. तीच खरी मी."

पेन खाली ठेवलं. ती खोटं बोलली नव्हती. माझा प्रश्नच चुकला होता. ज्याला मी अतिउत्साह म्हणत होतो, ते तिच्या लेखी तिचं नॉर्मल होतं. कमी झोपूनही ताजंतवानं वाटायचं का, असं विचारायला हवं होतं. हा बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह अशा दोन टोकांचा आजार, असेल तर नुसती नैराश्याची गोळी तिला दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. पुढचा तासभर मार्चबद्दलच बोललो: भराभर बोलणं, मैत्रिणींशी भांडणं, नको ती खरेदी. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या करून लिथियम, म्हणजे मनाचे हे चढउतार आवरणारं औषध, सुरू केलं. त्याची रक्तातली पातळी सांभाळावी लागते, तेही समजावलं.

"ते सहा दिवस परत येणार नाहीत ना मग?" तिनं विचारलं. आवाजात भीती नव्हती, हळहळ होती. यावर मला चटकन काही सुचलं नाही.

तीन महिन्यांनी वही घेऊन आली. तिरकी पानं तिनं पुन्हा तपासली होती. "चौथ्या पानावर चूक आहे," ती म्हणाली. "बाकीचं बरोबर आहे."