आठ दिवसांची धास्ती

आठ दिवस झाले, अगदी नको त्या जागी एक गाठ हाताला लागत होती. फारशी दुखत नव्हती, म्हणून भीती जास्तच. रात्री मोबाइलवर गुप्तरोगांचे फोटो बघत बसायचो आणि प्रत्येक फोटो माझाच वाटायचा. लग्नाआधीचं एक नातं आठवून पोटात गोळा यायचा. बायको शेजारी झोपलेली आणि तिच्याशीच बोलता येत नाही, हे सगळ्यात वाईट.

आज धीर करून सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गेलो. तिथे या आजारांची तपासणी मोफत होते. (आधी बोलूनच घ्यायचं असेल तर १०९७ हा एचआयव्ही-एड्सचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.) मी मान खाली घालून बसलो होतो. डॉक्टरबाईंनी दार लावलं, तपासलं आणि म्हणाल्या, "केस आत वळलाय, त्याला सूज आलीय. दाढी केल्यावर मानेवर होतं ना, तसंच." कोमट पाण्याने शेका, पिळू नका, रेझर काही दिवस बंद.

तरी माझी संमती घेऊन त्यांनी सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतलं. सिफिलिसची पहिली जखम बहुतेकदा दुखत नाही, आपोआप भरते, पण आजार आत तसाच राहतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. मी तर दुकानातून मलम आणून लावणार होतो!

रिपोर्ट उद्या. संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या मीही येते."