कडब्याची गंजी आणि साडेतीन टन पाणी

मे महिन्यातली दुपारची आगीची वर्दी म्हणजे बहुतेक वेळा गवत, कचरा नाहीतर कडबा. त्या दिवशी कडबा होता, गावाबाहेरच्या वस्तीवर.

पोचलो तेव्हा निम्मी गंजी गेली होती. मालक सत्तरीतले बाबा. हात करून म्हणाले, "साहेब, इकून घ्या, रान कडक हाये." ड्रायव्हरने मोसंबीच्या बागेकडेने बंब आत घातला.

नव्या पोराने होज, म्हणजे पाण्याचा पाइप, उलटा टाकला. मेल टोक, म्हणजे आत बसणारं, बंबाकडे, फिमेल आगीकडे, एवढं साधं. पण सगळा गाव बघत असला की हात चुकतात. माझेही चुकले होते. ते त्याला सांगितलं नाही.

कडब्याची आग फसवी. वरून काळी पडली की बघणारे "विझली, विझली" करतात, आत पेंढ्या धुमसतच असतात. आकडीने ओढून, पसरून, थर न थर भिजवला नाही, तर रात्री पुन्हा तीच वर्दी. थांबून थांबून पाणी मारत पाऊण तास तेच केलं. तेवढा वेळ मागे बंबाच्या डिलिव्हरीच्या, म्हणजे होज जोडतात त्या तोंडातून पाणी गळत होतं. वॉशर फाटलाय. तीनदा लेखी मागितला. एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहाचा फ्लेक्स न चुकता लागतो, वॉशर येत नाही.

निघायला गेलो तर मागची चाकं काळ्या रानात निम्मी गडप. आमच्याच पाण्यात आमचाच बंब रुतला. ट्रॅक्टर लावला, साखळी तुटली. एक म्हातारी म्हणाली, "आता ह्यांच्यासाठी कुणाला फोन करायचा?"

बाबाच म्हणाले, "वजन कमी करा की." बरोबर होतं. पाच हजारांच्या टाकीत साडेतीन हजार लिटर शिल्लक, म्हणजे साडेतीन टन. सोडायचं कुठे? उतार मोसंबीकडे. झाडांना आळी केलेली, विहीर कोरडी. बाबा खोरं घेऊन एकेक आळं भरत गेले, कसलीच घाई नाही. टाकी रिकामी झाली आणि दुसऱ्या साखळीने गाडी अलगद वर आली.

रजिस्टरला लिहिलं, 'वाहन तांत्रिक कारणाने उशिरा परत.'

ड्रायव्हर म्हणतो, म्हाताऱ्याने मुद्दाम तिथे उभं करायला लावलं. मला पटत नाही. ज्याचा वर्षाचा कडबा डोळ्यांदेखत जळतोय, त्याला एवढं सुचेल? पण परत निघताना दिसलं, बांधापलीकडून थेट गंजीपर्यंत मुरमाची पक्की वाट होती.